नसीम मियाँचा स्पंज

आमच्या संस्थेच्या खरेदी विभागात तिवारीजी नावाचे गृहस्थ होते. मागणीपत्रावर वस्तूचं नाव आणि ती कशासाठी हवी, हे दोन्ही स्वतः टाइप करायचं अशी त्यांची शिस्त होती. आमच्या प्रकल्पाचं पहिलं मागणीपत्र त्यांच्याकडे गेलं आणि तिसऱ्या दिवशी ते स्वतः दोन जिने चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते एरवी कधी वर येत नसत. फाईल माझ्यासमोर उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मैडम, ये शब्द हमसे टाइप नहीं होगा. घर में बहुएँ हैं."

घरातल्या सुनांचा ऑफिसातल्या टाइपिंगशी काय संबंध, हे मी विचारलं नाही. लखनौमध्ये समोरचा माणूस संकोचून खिडकीबाहेर बघायला लागला, की आपणही खिडकीबाहेर बघायचं, एवढं मी तोवर शिकले होते. आम्ही दोघांनी थोडा वेळ स्कूटर स्टँडकडे पाहिलं. मग मी म्हटलं, "तिवारीजी, 'स्पंज' लिख दीजिए."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "स्पंज ठीक है. शरीफ़ शब्द है."

त्या दिवसापासून आमचा प्रकल्प 'स्पंज' झाला. कागदोपत्री, फोनवर, कँटीनमध्ये, सगळीकडे. आता मी निवृत्त आहे, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "लिहा, पण जरा जपून" अशी सूचनाही दिली आहे. तेव्हा एकदाच स्पष्ट सांगते आणि पुढे जपते. आम्ही प्रयोगशाळेत मानवी शिश्नाच्या आतली ऊती तयार करत होतो. ज्यामुळे ताठरता येते, ती. संपादकांनी हे वाक्य ठेवलं असेल तर त्यांचे आभार.

मी मूळची अकोल्याची. वडील पोस्टात होते. लग्नानंतर यजमानांच्या सरकारी कंपनीतल्या नोकरीमुळे लखनौला आले आणि महानगर नावाच्या वस्तीत एका घरात जी स्थिरावले ती आजतागायत. माझं काम पेशी वाढवण्याचं. शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या, नाहीतर प्लास्टिकच्या बशीत ठेवायच्या, शरीराइतकी ऊब द्यायची, दिवसाआड त्यांचं गुलाबी पाणी बदलायचं, गर्दी झाली की दोन बशांत वाटून द्यायच्या. घरी तान्हं बाळ असल्यासारखंच असतं ते. रविवार नाही, होळी नाही, कुणाचं लग्न नाही. माझ्या सासूबाई अनेकदा म्हणत, "तुझ्या त्या बशांना एक दिवस उपास घडला तर काय होईल?" मरतील, असं मी सांगत असे. त्यांना ते कधी पटलं नाही.

प्रकल्पाचे प्रमुख डॉ. निगम. मूळचे मूत्ररोगाचे सर्जन, पिढ्यान् पिढ्या लखनौचे, बोलणं इतकं मऊ की रागावले आहेत हे आपल्याला संध्याकाळी घरी गेल्यावर कळावं. मला प्रकल्पात घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "आपको हँसी तो नहीं आएगी?"

मी म्हटलं, "आएगी, सर. लेकिन हाथ नहीं हिलेगा."

"बस, इतना काफ़ी है," ते म्हणाले.

आता धंद्यातलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या अवयवात लांबीच्या दिशेनं दोन नळकांडी असतात, आणि ती आतून स्पंजासारखी असतात. बारीक बारीक पोकळ्या आणि त्यांच्या भिंतींत स्नायू. लोकांना वाटतं, दंडाची बेडकी फुगवावी तसा स्नायू आवळून तिथे ताठरता येते. खरा प्रकार अगदी उलटा आहे. तो स्नायू दिवसभर आवळलेलाच असतो. तो सैल पडला, की पोकळ्यांमध्ये रक्त शिरतं, पोकळ्या फुगतात आणि रक्त परत नेणाऱ्या शिरा त्यांच्या दाबाखाली चेपल्या जातात. म्हणजे हे सगळं काम सैल पडण्याचं आहे. ज्याला काळजीनं घेरलंय त्याचा स्नायू सैल पडत नाही, आणि पडत नाही म्हणून काळजी वाढते. डॉ. निगमांच्या ओपीडीतली अर्धी गर्दी या चक्रातली होती.

उरलेली अर्धी गर्दी मधुमेहाची, अपघाताची आणि ऑपरेशननंतरची. त्यांच्यात तो स्पंजच घट्ट, चिवट होत जातो. का होतो, थांबवता येईल का, हे बघायचं तर जिवंत माणसाचा स्पंज कापून बघता येत नाही, आणि उंदराचा माणसासारखा वागत नाही. म्हणून माणसाच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत स्पंजाची पट्टी बनवायची आणि तिच्यावर औषधं तपासायची, असा आमचा बेत होता. पट्टी किती मोठी? करंगळीच्या नखाएवढी. दिसायला दह्यावरच्या सायीसारखी. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे काही उभं राहायचं, त्याचा आणि आमच्या बशीतल्या वस्तूचा दूरान्वयानेही संबंध नव्हता.

घरी पहिली अडचण मुलीची झाली. मानसी तेव्हा नववीत. शाळेत 'माझ्या आईचं काम' या विषयावर बोलायचं होतं. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. म्हणाली, "आई, मैं क्या बोलूँ? प्लीज़, कुछ नॉर्मल बताओ."

"सांग, आई स्नायूंवर काम करते."

"कौन से वाले, पूछेंगे तो?"

"सांग, जो माणसाच्या हुकमात नसतो तो."

तिने हे वाक्य जसंच्या तसं हिंदीत सांगितलं आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. सगळ्यांना वाटलं, आई हृदयावर काम करते.

हळदीकुंकवाला मी 'मधुमेहावर काम करते' असं सांगत असे. खोटं नव्हतं. पण बायकांनी घरी जाऊन सांगितलं असावं आणि कुठून तरी खरं फुटलं असावं, कारण त्यानंतर मंडळातले तीन काका तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या निमित्तानं आमच्याकडे आले. तिघांनीही चहा संपेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि उठताना आवाज खाली आणून 'मधुमेहाबद्दल' विचारलं. तिघांनाही मी एकच सांगितलं: डॉक्टरांना भेटा आणि आधी हृदय तपासून घ्या. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे कुरबूर पुष्कळदा तिथे आधी सुरू होते. त्यातल्या एका काकांना खरंच ब्लॉकेज निघालं. ते अजून आहेत, दर दिवाळीला मला आवर्जून अनारसे पाठवतात, आणि काकूंना त्याचं कारण अजून माहीत नाही.

हे झालं हसण्याचं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

पेशी आणायच्या कुठून? रुग्णालयात काही रुग्णांचा तो अवयव कर्करोगामुळे थोडा कापावा लागतो. कर्करोगाच्या पुढची थोडी निरोगी जागाही सर्जन काढतात. तपासणीला लागतो तेवढा तुकडा तपासणीला जातो, उरलेला टाकून देतात. तो उरलेला आम्ही मागायचो. रुग्णाची लेखी संमती घेऊन, ऑपरेशनच्या आधी. संमती घ्यायचं काम माझ्याकडे होतं, कारण डॉ. निगम म्हणत, सर्जननं मागितलं तर रुग्णाला नाही म्हणवत नाही.

नसीम मियाँ मला असे भेटले. नाव बदललंय. पंचावन्नच्या आसपासचे, अमीनाबादच्या मागच्या गल्लीत त्यांचा चिकनच्या भरतकामाआधीच्या छपाईचा कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, एक मोठं टेबल आणि भिंतीला लावलेले शेकडो लाकडी ठप्पे. पांढऱ्या कापडावर निळ्या रंगात वेलबुट्टी छापायची, त्यावर बायका टाके घालतात, मग कापड धुतात आणि निळा रंग निघून जातो. बोटांच्या पेरांत मुरलेली निळाई मात्र निघत नाही. वॉर्डातल्या पांढऱ्या चादरीवर ते निळे हात ठेवून ते बसले होते, फार ताठ.

मी फॉर्म वाचून दाखवला. तो इंग्रजीत आणि सरकारी हिंदीत होता. 'ऊतक', 'अनुसंधान', 'संवर्धन'. त्यांनी विनयानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मैडम, आसान ज़बान में बताइए. आप लोग इसका करेंगे क्या?"

त्या दिवशी मला घाई होती. वर बशांमधल्या पेशींचं पाणी बदलायचं राहिलं होतं. मी म्हटलं, "इसी से हम लैब में नया बनाएँगे."

बस, एवढंच वाक्य. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि उर्दूत सुरेख सही केली. मला वाटलं, किती समजूतदार माणूस.

तुकडा आला, त्याला चौदा क्रमांक मिळाला. आमच्याकडे नाव लिहीत नाहीत, क्रमांक लिहितात. आणि चौदा नंबरच्या पेशी काय वाढल्या म्हणता! इतरांच्या पेशी बशीला चिकटायलाच चार दिवस घेत. या दुसऱ्या दिवशी पसरून बसलेल्या. मी थोड्या वाढवल्या, थोड्या कुप्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या. हीच सवय पुढे कामी आली.

कारण पाच महिन्यांनी आमच्या ऊबपेटीत यीस्ट शिरलं. पाव फुगवायला घालतो त्याच गोत्रातलं. सकाळी पेटी उघडली तर प्रत्येक बशीतलं पाणी गढूळ. सगळं फेकावं लागलं, दोन वर्षांचं काम. पेटी धुताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि डॉ. निगम शेजारी उभे राहून म्हणत होते, "ब्लीच बहुत तेज़ है." ब्लीच तेज नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

गोठवलेल्या कुप्या एक एक करून जागवल्या. एकामागून एक पेशी जाग्या व्हायला नकार देत गेल्या. फक्त चौदा नंबरच्या उठल्या. आमचा सगळा डोलारा आता एका माणसाच्या पेशींवर होता.

त्यात वर्तमानपत्रानं घोळ घातला. एका समारंभात डॉ. निगमांनी आमच्या कामाबद्दल चार वाक्यं सांगितली होती. कुणा वार्ताहरानं ती ऐकली आणि दोन दिवसांनी पहिल्या पानावर मथळा झळकला: 'अब लखनऊ में बनेगी मर्दानगी'.

सकाळी गेटवर रांग होती. सुरक्षारक्षकानं मला फोन करून विचारलं, "मैडम, स्पंज वाले लोग आए हैं. भेज दूँ?" डॉ. निगम परगावी होते, त्यामुळे मीच खाली गेले. रांगेत एक मिठाईवाले होते, त्यांनी आधी नंबर लावून ठेवायचा होता, डिलिव्हरी कधीही चालेल. एक पहिलवान होते, ते मित्रासाठी आले होते. मित्राला काय त्रास आहे हे सांगताना ते दोनदा 'मुझे' म्हणाले. एक वृद्ध हकीमसाहेब शेरवानी घालून आले होते. त्यांना आमच्यावर आक्षेप होता, की जे काम त्यांच्या घराण्याचं माजून, म्हणजे औषधी चाटण, करतं ते बशीत करायची गरज काय. मी प्रत्येकाला सांगत होते, हे माणसाला बसवण्यासाठी नाही, अभ्यासासाठी आहे, नखाएवढं आहे. 'नखाएवढं' ऐकून बरेच जण आपणहून गेले.

शेवटी बाकावर एकच माणूस उरला. इस्त्री केलेला पांढरा कुर्ता, केसांना मेंदी, हातात पेढ्यांचा डबा. बोटं निळी होती म्हणून मी ओळखलं.

"आदाब, मैडम," नसीम मियाँ उठून उभे राहिले. "अख़बार में पढ़ा. हमारा वाला तैयार हो गया?"

मला क्षणभर काही कळेना. मग वॉर्डातलं ते वाक्य माझ्याच आवाजात मला ऐकू आलं. इसी से हम नया बनाएँगे. मी त्यांना सांगितलं होतं, आणि ते आठ महिने वाट बघत होते.

माझ्या नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या आहेत. चुकीच्या बशीत चुकीचं औषध घातलं आहे, एकदा फ्रीजचं दार उघडं टाकून घरी गेले आहे. त्या सगळ्या भरून निघाल्या. ही चूक मात्र भरून निघणारी नव्हती. मी त्यांना गेटजवळच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सांगितलं. तुमच्यासाठी काही बनलेलं नाही. बनणारही नव्हतं. आमच्या हयातीत बनेल की नाही ठाऊक नाही. मी तेव्हा नीट सांगितलं नाही. चूक माझी आहे.

ते पेढ्यांच्या डब्यावरची दोरी बोटानं सरळ करत राहिले. मग विचारलं, "तो वो टुकड़ा? फेंक दिया?"

"नहीं. उसकी कोशिकाएँ ज़िंदा हैं. बढ़ रही हैं."

"ज़िंदा हैं?" त्यांनी मान वर केली.

यापुढे मला जे सांगायचं होतं, ते न सांगता गप्प राहता आलं असतं. पण फॉर्मच्या शेवटच्या ओळीत ते लिहिलं होतं, आणि वॉर्डात मी ती ओळही घाईत वाचली होती. मी म्हटलं, "नसीम साहब, आपने ग़लत समझकर दस्तख़त किए थे. आप चाहें तो वापस ले सकते हैं. हम सब नष्ट कर देंगे. आपके इलाज पर कोई फ़र्क़ नहीं पड़ेगा."

"सोचकर बताते हैं," ते म्हणाले. पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवून गेले. तो उघडायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी सुरक्षारक्षकानं वाटून टाकला.

डॉ. निगम परतले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेन फिरवत बसले. "ये आख़िरी वाली बात... बताना ज़रूरी था?" मग पेन खाली ठेवून तेच म्हणाले, "ज़रूरी था. माफ़ कीजिए." आणि त्यांनी ठरवलं, नसीम मियाँचा निरोप येईपर्यंत पट्टी ओतायची नाही. पेशींना फक्त जगवायचं.

पण पेशीही म्हाताऱ्या होतात. ठरावीक वेळा दुभंगल्या की आपण स्नायू आहोत हे त्या विसरतात, नुसत्या पसरत राहतात, आवळणं नाही की सैल पडणं नाही. चौदा नंबरच्या पेशी वयाच्या त्या टोकाला आल्या होत्या आणि गोठवलेली एकही कुपी उरली नव्हती. माझ्या हिशेबानं हातात दहा दिवस होते. मी रोज त्यांचं पाणी बदलत होते आणि रोज सूक्ष्मदर्शकातून बघत होते. नसीम मियाँना फोन करावा असं रोज वाटे. पण फोन म्हणजे तगादा. केला नाही. घरी यजमान म्हणायचे, "अगं, त्यानं नाही म्हटलं तर?" मी म्हणायचे, "तर ब्लीच ओतीन, माझ्या हातानं." म्हणायला सोपं होतं.

नवव्या दिवशी सुरक्षारक्षकाचा फोन आला. कुणी बाई भेटायला आल्यात.

खाली चिकनचा पांढरा दुपट्टा घेतलेल्या, सडपातळ, पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या. "मैं रज़िया. नसीम साहब के घर से." मी त्यांना त्याच खोलीत नेलं. त्या बसल्या नाहीत.

"आठ महीने," त्या म्हणाल्या, "आठ महीने मेरे मियाँ कारख़ाने में सोए हैं. अस्पताल से लौटे और बिस्तर उठाकर चले गए. मैं पूछूँ तो कहें, बस दो-चार महीने, फिर आऊँगा. मैं सोचूँ, मुझसे क्या ख़ता हुई. खाना भी बच्ची के हाथ भिजवाती थी."

मी पुन्हा खुर्ची पुढे केली.

"पिछले हफ़्ते बिस्तर बग़ल में दबाए घर आ गए. दरवाज़े पर खड़े होकर बोले, वो नहीं बनेगा. मैंने कहा, क्या नहीं बनेगा? तब जाके सारी बात बताई." त्यांचा आवाज चढला. "मैंने कब माँगा था? मुझे आदमी चाहिए था, घर में. आपने पहले दिन ठीक से क्यों नहीं बताया?"

"जल्दी में थी," मी म्हटलं. दुसरं काही खरं नव्हतं.

त्या मग खुर्ची ओढून बसल्या. "काग़ज़ लाइए. इस बार मैं पढ़ूँगी. वो बाहर रिक्शे में बैठे हैं, शरमा रहे हैं."

मी फॉर्म आणला. रज़ियाबाजींनी चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचली. प्रत्येक ओळीला प्रश्न. 'संवर्धन' म्हणजे? किती दिवस जगतं? दुसऱ्या कुणाला बसवणार का? दुखतं का त्याला? शेवटचा प्रश्न ऐकून मला हसू येईना. नाही, म्हटलं, नसा नसतात त्यात, दुखत नाही. दीड तास गेला. वरच्या बशांचं पाणी त्या दिवशी उशिरा बदललं, आणि काही बिघडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "इसमें ये कहाँ लिखा है कि जो निकलेगा, हमें बताएँगे?"

लिहिलेलं नव्हतं. मी पेनानं एक ओळ जोडली. पुढे समितीपुढे रीतसर ठेवून ती ओळ आम्ही सगळ्यांच्याच फॉर्ममध्ये घातली. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या नावानं शिल्लक राहिलेली गोष्ट विचाराल तर ती एक ओळ, आणि तीही मला रज़ियाबाजींनी सांगितलेली.

मग त्या बाहेर जाऊन नवऱ्याला घेऊन आल्या. मी दोघांना वर नेलं, टोप्या आणि गाऊन घालून. नसीम मियाँ सूक्ष्मदर्शकावर वाकले. मी भिंग जुळवून दिलं. लांबट, टोकदार पेशी, एकमेकींना बिलगून, वाहत्या पाण्यातल्या गवतासारख्या एका दिशेला झुकलेल्या. ते किती तरी वेळ मान वर करेनात.

"ये हम हैं?" त्यांनी विचारलं.

"जी, आप ही हैं."

"ख़ूब बेल-बूटे हैं," ते म्हणाले. छपाईवाल्याची नजर. मग डॉ. निगमांना त्यांनी पट्टी कशी ओतता, थर कसे देता, हे सगळं विचारलं, आणि एक सल्लाही दिला: ओला थर कडेकडून सुकू द्यावा, मग दुसरा चढवावा, नाहीतर नक्षी पसरते. डॉ. निगमांनी तो गंभीरपणे वहीत लिहून घेतला आणि पुढे खरंच दोन दिवस करून पाहिला. काही उपयोग झाला नाही. आमचा थर सुकला की मरतो. पण लिहून घेतला, याचं मला बरं वाटलं.

सही करायच्या आधी नसीम मियाँ थांबले. मी म्हटलं, अजूनही नाही म्हणता येईल. ते म्हणाले, "नहीं मैडम, हमारा तो काम ही ऐसा है. हम छापते हैं, धोने वाला धो देता है, पहनने वाले को दिखता ही नहीं कि छपा था. हमें आदत है." आणि तीच सुरेख सही केली. खाली रज़ियाबाजींनी साक्षीदार म्हणून केली, न विचारता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पट्ट्या ओतल्या. पेशी जेलमध्ये मिसळून, थर देऊन, तीन आठवडे वाढवून. पट्टी जिवंत आहे की नुसती साय आहे, हे तपासायची रीत अशी: कोमट खाऱ्या पाण्यात ती एका बारीक आकड्याला टांगायची, दुसरं टोक ताण मोजणाऱ्या यंत्राला. आवळण्याचं औषध टाकलं की पडद्यावरची रेघ वर चढायला हवी. सैल पडण्याचं टाकलं की खाली यायला हवी. वर चढणं त्या मानानं सोपं. खाली येणं, तेच तर सगळं काम.

पहिली पट्टी आकड्यावरून सुटली. दुसरी चढलीच नाही. तिसरी आणि चौथी चढली ती चढूनच बसली. रेघ ताठ, उतरायचं नाव नाही. डॉ. निगम म्हणाले, "मेरे ओपीडी वाले मरीज़ों की तरह घबराई हुई है." दुपारी जेवणाआधी पाचवी टांगली. चढली. मी सैल पडण्याच्या औषधाचे थेंब सोडले. रेघ तशीच राहिली. मी डबा उघडायला वळले, आणि मागून डॉ. निगमांचा आवाज आला, एरवीपेक्षाही मऊ. "ज़रा देखिए."

रेघ खाली येत होती. घाई नाही, गडबड नाही. हळूहळू उतरत ती सुरुवातीच्या जागेला आली आणि थांबली. औषध धुऊन काढलं तरी ती तिथेच राहिली. पुन्हा आवळण्याचं औषध टाकलं, पुन्हा चढली. पुन्हा सैल. तीनदा केलं. करंगळीच्या नखाएवढा तो तुकडा आपलं काम जाणत होता. डॉ. निगम स्टुलावर बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. या वेळी ब्लीचचा विषय कुणी काढला नाही.

त्या पट्टीनं जग बदललं नाही. त्याच रीतीनं नव्या पेशींच्या पट्ट्या करून आम्ही पुढची काही वर्षं औषधं तपासली. बहुतेक निकामी निघाली, दोन औषधांबद्दल अजून आशा आहे आणि माझ्यानंतरचे लोक ते काम करताहेत. माणसाला बसवण्याजोगं काही करायला अजून फार अवकाश आहे. मथळ्यातली मर्दानगी काही लखनौमध्ये बनली नाही.

पण त्या दुपारी, जेवायच्या आधी, मी फॉर्म काढला, त्यावरचा नंबर लावला. फोन नसीम मियाँनीच उचलला. मागे कुकरची शिट्टी होत होती, म्हणजे ते घरी होते. मी सांगितलं, "नसीम साहब, आपके वाले ने काम किया." ते गप्प झाले. मी म्हटलं, सुनाई दे रहा है? "जी, जी," ते म्हणाले, "ज़रा ठहरिए." फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला, तरी त्याआडून सगळं ऐकू येत होतं. ते आत ओरडून सांगत होते, "अरे सुनती हो? लैब से फ़ोन है! कह रही हैं, चल गया!"

आणि मग रज़ियाबाजींचं हसणं. पोट धरून, थांबता थांबेना असं. त्यात नसीम मियाँचंही मिसळलं. मी कानाला फोन लावून उभी होते, डॉ. निगम विचारत होते, "क्या हुआ, क्या कह रहे हैं?" आणि मला सांगता येईना, कारण तोवर मीही हसायला लागले होते.